एक वीत अधिक

व्हरमाँट संस्थानातील सर्वांत उंच शिखर, माउंट मॅन्सफील्ड, हे सुमारे १,३४० मीटरांचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून तीनशे मीटरांनी ठेंगणे आहे, असे सुट्टीत घरी गेल्यावर कोणाला सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडीशी कीव उमटते; एवढ्याशा टेकड्यांपायी ही बाई हिवाळ्यातले शनिवार-रविवार खर्ची घालते आणि वर त्यांच्या गोष्टी कौतुकाने सांगते, याचे त्याला नवल वाटते. परंतु नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत या ठेंगण्या डोंगरांवर हिमाचा जो अंमल बसतो, तो मोठा लहरी असतो. ज्या उतारावर सकाळी स्कीची पोलादी कडही रुतायला तयार नसते, त्याच उतारावर उन्हे चढली की घोटाभर ओला राडा होतो. आणि अटलांटिकच्या किनाऱ्याने वर सरकणारे एखादे वादळ रात्रभर कोसळून गेले, तर दुसऱ्या दिवशी तोच उतार गुडघाभर भुसभुशीत हिमाखाली असा नाहीसा होतो, की आदल्या दिवशीच्या ओळखीची एकही खूण शिल्लक राहू नये. अशा मुलखात माणसाने पायाला किती लांबीची आणि किती रुंदीची फळी बांधावी, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. त्यात स्वभाव येतो, वय येते, आणि थोडी प्रतिष्ठाही येते.

प्रतिष्ठा येते ती अशी, की स्कीच्या जगात लांबी हा दीर्घकाळ हुद्दा मानला गेला. हात सरळ वर केला असता मनगटापर्यंत पोहोचेल ती स्की पुरत्या वाढीच्या माणसाची, असा जुना शिरस्ता होता, आणि त्या मापाने दोन मीटरांच्या फळ्या पायाला बांधून नवशिके लोक आरंभीचे दिवस केवळ पडण्यात घालवीत. १९६०च्या सुमारास याच व्हरमाँटमध्ये क्लिफ टेलर या शिक्षकाने नवशिक्यांना अवघ्या अडीच फुटांच्या स्कीवर उभे केले, आणि ज्यांना लांब फळ्या वळवताच येत नव्हत्या, ती माणसे थोड्याच अवधीत दोन्ही पाय समांतर ठेवून वळू लागली. पुढे १९६६च्या सुमारास किलिंग्टनच्या स्की-शाळेने ही पद्धत स्वीकारली आणि तिला पायऱ्यांचे रूप आले. आधी आखूड, मग मध्यम, मग पूर्ण लांबीची, अशी ती चढती भाजणी होती. पद्धत शहाणपणाची होती यात शंका नाही; पण तिने नकळत एक समज रूढ केला, की आखूड फळी ही उमेदवारी होय, उमेदवाराने यथावकाश कारकून व्हावे, कारकुनाने अव्वल कारकून, आणि जो उमेदवारीतच रमला त्याच्यात काही तरी उणे असले पाहिजे.

मी ज्या फळ्यांविषयी लिहीत आहे, ते स्कीबोर्ड या समजुतीला न जुमानता जन्माला आले. इन्सब्रुकच्या परिसरातील टिरोली लोक वसंतातल्या मऊ हिमावरून उतरण्यासाठी फिगल नावाच्या अगदी तोकड्या पट्ट्या फार पूर्वीपासून पायाला बांधीत असत. १९९०च्या दशकाच्या आरंभी ऑस्ट्रियातल्याच क्नाइस्ल कंपनीने ‘बिगफूट’ बाजारात आणली, जिच्या पुढच्या टोकाला चक्क पायाची बोटे कोरलेली होती. आणि १९९५ मध्ये न्यूयॉर्क संस्थानात जेसन लेव्हिन्थल या तरुणाने ‘लाइन’ ही कंपनी काढून, घरच्या गॅरेजात, दोन्ही टोके वर वळलेल्या आणि पुढे जितक्या सहज तितक्याच सहज मागेही जाणाऱ्या आखूड, रुंद फळ्या घडवायला सुरुवात केली. हातात काठ्या नाहीत, तोंड मात्र स्नोबोर्डवाल्याप्रमाणे आडवे न ठेवता सरळ उताराकडे, असा हा खेळ होता. १९९८ मध्ये कोलोराडोतील क्रेस्टेड ब्यूट येथे झालेल्या हिवाळी एक्स गेम्समध्ये स्कीबोर्डच्या स्पर्धेला स्थान मिळाले, तीत लाइनच्या फळ्यांवरचा माइक निक पहिला आला, आणि सॅलोमन कंपनीच्या ‘स्नोब्लेड’ या आखूड फळ्यांनी दुकानांच्या भिंती भरून गेल्या. मग मात्र दैव फिरले. वर वळलेली शेपटी, मागे तोंड करून उतरण्याची मुभा, उडीत गिरक्या घेण्याची हौस, हे सारे लांब स्कींनी आपलेसे केले. रुंदीचा धडा तर त्यांना १९८०च्या दशकाच्या अखेरीस ॲटॉमिक कंपनीच्या रुपर्ट ह्यूबर यांनी एक स्नोबोर्ड मधोमध उभा कापून आधीच घालून दिला होता. लाइन कंपनीही लांब स्कींकडे वळली, स्पर्धांच्या दप्तरातून स्कीबोर्डचे नाव खारीज झाले, आणि भाड्याच्या दुकानात मागच्या रांगेत पडून राहिलेल्या त्या जोड्या थट्टेचा विषय बनल्या.

जे उरले ते हट्टी होते. मोठ्या कारखान्यांनी अंग काढून घेतल्यावर काही छोट्या उत्पादकांनी या हट्टी मंडळींसाठी फळ्या करणे चालू ठेवले, आणि या आश्रितांच्या छोट्याशा दरबारात एक मंद स्थित्यंतर घडत गेले: ९० सेंटीमीटरांची फळी शंभरावर गेली, शंभराची एकशेपाचावर, एकशेदहावर, आणि काहींची त्याहीपलीकडे, फळीच्या कमरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदीही शंभर मिलिमीटरांची हद्द ओलांडून गेली. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, की अखेर हे लोकही बढतीच्या शिडीवर चढू लागले, आणि आणखी काही वर्षांत ते निमूटपणे लांब स्कीवर जाऊन पोहोचतील. माझा अनुभव तसा नाही, आणि हा निबंध लिहिण्याचे कारणही तेच आहे.

मी या दरबारात दाखल झाले ती चाळिशी उलटल्यावर, आणि तीही भाच्याने वापरून बाजूला ठेवलेल्या ९० सेंटीमीटरांच्या जोडीवर. नव्वदच्या फळीचे सुख ज्याने घेतले नाही त्याला ते सांगून पटवणे कठीण आहे. तिथे अवजार आणि पाय यांच्यामध्ये अंतर असे उरतच नाही. घोटा किंचित कलला की फळी वळते, मनात आले की माणूस जागच्या जागी फिरून मागे तोंड करतो, आणि बुंध्याबुंध्यांमधल्या ज्या फटीत लांब स्कीवाला थबकतो तिथून आपण सहज निघून जातो. तिचा दोषही याच गुणाच्या पोटात आहे. पुढे टोक आणि मागे शेपूट इतके जवळ असते, की शरीराचा तोल जरा पुढेमागे झाला तर सावरायला आधारच मिळत नाही. वेग वाढला की फळ्या पायाखाली थरथरू लागतात, आणि नव्या हिमात वजन तिळभर पुढे गेले की टोके खाली बुडून माणूस त्यांच्यावरून पुढे फेकला जातो. त्यामुळे नव्वदवाले लोक नकळत एक वहिवाट पाडून घेतात: यंत्राने विंचरलेल्या उतारावर राहायचे, आणि वादळानंतरची सकाळ दुसऱ्यांना सोडून द्यायची.

भाचा बोस्टनला असतो. तो एकशेदहावर गेला त्या हिवाळ्यात, चेअरलिफ्टवर शेजारी बसला असता, खाली पाहत तो म्हणाला, “मावशी, तुला हा डोंगर एवढाच वाटतो, कारण नव्वदवरून तो एवढाच दिसतो.”

मी म्हटले, “अरे, मला एवढा पुरतो.”

“पुरतो गं, पण पुरतो म्हणून एवढाच आहे असं थोडंच आहे? परवा एवढं पडलं, तू त्या झाडांत पाऊल तरी टाकलंस का?”

मी उत्तर दिले नाही, कारण लिफ्ट वर पोहोचत आली होती आणि दांडी उचलायची होती. पण त्याचे ते वाक्य मला मोठे मार्मिक वाटले. त्याने मला पुढच्या इयत्तेत जायला सांगितले नव्हते. त्याने माझ्या हद्दीचा नकाशा माझ्यापुढे मांडला होता.

एकशेदहाची जोडी घरी आली तेव्हा रात्री गॅरेजातल्या मेजावर जुनी आणि नवी फळी शेजारी शेजारी उताण्या ठेवून मी मेण लावायला बसले. लांबीतला फरक बरोबर माझ्या एका वितीचा होता, आणि डोळ्याला तो काहीच वाटत नव्हता. पण अंगठ्यासह तळहात आडवा टेकवला तेव्हा जुन्या फळीची कंबर त्याखाली पुरती झाकली गेली, आणि नवीची मात्र दोन्ही अंगांना बोटबोटभर उघडी राहिली. इस्त्रीला मेणाची वडी लावून थेंब पाडीत गेले, तर जुन्या फळीला एका ओळीत जे काम भागत असे त्याला इथे दोन ओळी लागू लागल्या. इस्त्री फिरवताना मेणाचा ओला, चकाकता पट्टा तिच्या मागून येई आणि हाताच्या अंतरावर जाऊन धुरकट होई, तोही आता अधिक रुंद होता. थंड झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने मेण खरवडले तेव्हा मेजाखाली पडलेल्या पांढऱ्या सालींचा ढीग पाहून, कागदावर जो हिशेब मी कधी मांडला नव्हता, तो एकदम ध्यानात आला. सरासरी ११ सेंटीमीटर रुंद आणि ९० लांब अशा फळीचे क्षेत्रफळ ९९० चौरस सेंटीमीटर. तीच १४ रुंद आणि ११० लांब झाली की ते १,५४० होते. लांबी वाढली पावपटीहूनही कमी, पण तळ वाढला दीडपटीहून थोडा अधिक. आणि ८० किलो वजनाचा माणूस दोन्ही फळ्यांवर उभा राहिला, तर चौरस सेंटीमीटरमागे ४० ग्रॅमांचा जो भार हिमावर पडत होता तो २६ वर येतो.

या चौदा ग्रॅमांचा अर्थ वादळानंतरच्या सकाळी कळतो. कोकणात चिखलणी झालेल्या खाचरात ज्या राड्यात मोकळा पाय पोटरीपर्यंत रुतावा, त्याच राड्यावरून शेतकरी बैलांच्या मागे रुंद फळीवर उभा राहून खुशाल सरकत जातो. ती किमया मी लहानपणी बांधावर बसून पाहिली होती, आणि किलिंग्टनच्या झाडांत, नव्या हिमात पहिली दोन वळणे घेतल्यावर तिचे मर्म पायांना उमगले. फळी बुडते, पण बुडून थांबते. खालून हिमाचा एक सावकाश, भरीव प्रतिकार वर येतो, आणि त्या प्रतिकारावर वजन सोपवून दिले की वळण आपण घेत नाही, ते आपल्याला मिळते. नव्वदवर असताना याच हिमात सारा भार टाचांवर ठेवून मांड्या जळेपर्यंत मागे रेलावे लागत असे. आता मध्यावर उभे राहून समोर पाहता येऊ लागले. लांब आणि रुंद फळीवर गेलेल्या ज्या ज्या परिचितांशी मी बोलले, त्या सर्वांनी पहिली गोष्ट हीच सांगितली, की वेग वाढल्याचे त्यांना पुढे जाणवले, आधी जाणवली ती विश्रांती.

पण हिम सर्वत्र भुसभुशीत नसते, आणि या मुलखात तर ते क्वचितच असते. गोठलेल्या उतारावर रुंद फळी आपला सारा वसूल करते. कड पायाच्या मध्यापासून जितकी दूर, तितकी ती हिमात रोवण्यासाठी गुडघ्याला आणि घोट्याला मेहनत अधिक. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्यातही निमिषमात्र विलंब लागतो, आणि आखूड फळीच्या तत्पर आज्ञाधारकपणाला सरावलेल्या पायाला तो विलंब प्रथम उद्धटपणासारखा भासतो. वळणाचा स्वभावही पालटतो. फळीच्या कमरेचा खोलावा तोच ठेवून लांबी ९० वरून ११० केली, तर तिच्या नैसर्गिक वळणाची त्रिज्या जवळजवळ दीडपट होते, कारण ती लांबीच्या वर्गाने वाढते. म्हणून जिथे पूर्वी छोट्या छोट्या कंसांची दाट नक्षी उमटत असे, तिथे आता ऐसपैस, भारदस्त कंस उमटतात. वेगात ते सुखावह असतात, कारण फळी थरथरत नाही आणि एकदा घेतलेला मार्ग सोडीत नाही. परंतु मार्ग न सोडणे हा गुण झाडांच्या दाटीत नेहमीच गुण ठरतो असे नाही.

याहून मोठा सारा भरावा लागतो तो हाडांच्या खात्यात. जुन्या स्कीबोर्डांची बाइंडिंगे सुटणारी नसत. पाय एकदा अडकवला की माणूस कितीही आपटो, फळी पायालाच राहायची. आखूड तरफेमुळे गुडघा पुष्कळदा वाचत असे, पण पिळाचा जो जोर कुठे तरी जायचाच तो नडगीवर जाई, आणि अशा फळ्यांवरच्या अपघातांत नडगीचे अस्थिभंग ठळकपणे आढळत असत. आता तरफ लांबवली तर तो जोरही वाढतो: मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर ४५ सेंटीमीटरांवरून ५५ वर गेले, की टोकाला अडकणारी तीच फांदी पायाला पावपटीच्या जवळपास अधिक पिळते. म्हणून वीतभर लांबी मागणाऱ्याला तिच्यासोबत स्कीची सुटणारी बाइंडिंगेही घ्यावी लागतात, आणि ती रुंद फळीवर बसावीत म्हणून खाली उंचवट्याचा तुकडा जोडावा लागतो. त्या उंचवट्याने बूट हिमाला घासत नाही आणि कडेवर जोरही थोडा अधिक मिळतो, पण वजन वाढते, पाय जमिनीपासून दूर जातो, आणि नव्वदवरची ती निर्व्यवधान जवळीक कमी होते. जामीन दिल्याशिवाय मुलूख मिळत नाही, हा जुना कायदा इथेही लागू आहे.

हा सौदा प्रत्येकाने आपापल्या परीने पारखला. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुतार आहेत. गुडघे झिजल्यामुळे लांब स्की सोडून ते आखूड फळ्यांवर आले होते, आणि रुंद एकशेदहा त्यांनी एक हिवाळा मनापासून वापरून पाहिली. मऊ हिमात ती त्यांना राजासारखी वाटली; पण त्यांचे बहुतेक दिवस आठवड्याच्या मधल्या वारी, गोठलेल्या विंचरलेल्या उतारांवर जात, आणि तिथे संध्याकाळी गुडघे कुरकुरू लागत. ते कमरेला अरुंद अशा शंभरच्या फळीवर स्थिरावले, आणि त्यात माघार घेतल्याचा भाव तिळमात्र नव्हता. लाकूड ओळखणारा माणूस पटाशी बदलतो तसे त्यांनी ते केले. रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेने उलट केले. तिला डोंगर मिळतो तो वादळाच्या दुसऱ्या दिवशी, कारण त्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती थेट इकडे येते. तिने नव्वद विकून टाकली आणि उपलब्ध होती त्यांतली सर्वांत रुंद घेतली. मी स्वतः दोन्ही जोड्या ठेवल्या आहेत, आणि आदल्या रात्री हवामानाचा अंदाज पाहून कोणती गाडीत टाकायची ते ठरवते.

या तिघांपैकी, आणि भाच्याला धरून चौघांपैकी, लांब स्कीकडे कोणीही गेले नाही, ही गोष्ट मला विचार करायला लावते. एकशेदहा फारच लांब वाटते असे म्हणणारा मला भेटला, आणखी वीतभर हवी असे म्हणणाराही भेटला. माझा भाचा तर सध्या त्याच विचारात आहे. पण त्यांच्यातला प्रत्येक जण ज्या गोष्टीसाठी आखूड फळीवर आला होता, ती गोष्ट घट्ट धरून ठेवूनच लांबी मागत होता: मोकळे हात, मागेपुढे सारखेच जाण्याची मुभा, झाडांतल्या अरुंद वाटेत मनात येताक्षणी वळण्याचे स्वातंत्र्य. जी लांबी यातले काही हिरावून घेईल ती त्यांना नको होती, आणि जी लांबी यातले सारे राखून वादळानंतरच्या सकाळची वाट मोकळी करील तेवढी त्यांना हवी होती. क्लिफ टेलरच्या शिडीवर हे लोक चढले नाहीत. तिच्या एका पायरीवर थांबून त्यांनी ती पायरीच रुंद करून घेतली. वाढीची आपली नेहमीची कल्पना अशी, की जो वाढतो तो पूर्वीचा राहत नाही. शिपायाचा जमादार झाला की त्याने शिपायाची वस्त्रे उतरवून ठेवावीत. परंतु आपल्या स्वभावाला बाध न आणता केवळ आपला पल्ला वाढवणे, हीही वाढच होय, आणि ती अधिक अवघड, कारण तिथे किती वाढवायचे याचे माप दुसरे कोणी ठरवून देत नाही. शिडीवर पुढची पायरी आयती समोर असते. इथे प्रत्येक सेंटीमीटरपाशी काय मिळते आणि काय सुटते याची रुजवात ज्याची त्याने घालायची असते.

म्हणून कोणी नवखा लिफ्टच्या रांगेत माझ्या फळ्यांकडे पाहून विचारतो, की आपण आता मोठी जोडी घ्यावी का, तेव्हा त्याला किती येते हे मी विचारीत नाही. तू कोणत्या वारी येतोस, हिम पडल्यावर किती तासांनी पोहोचतोस, आणि कोणत्या उतारावर जायचे तुझ्या मनात असते पण पाय वळत नाहीत, हे मी विचारते. पुष्कळदा उत्तर देता देता तो आपल्याच तोंडून आपले माप सांगून मोकळा होतो. आणि त्या मापात वीत बसत नसेल, तर आहे त्याच जोडीला मेण लावून, कडा घासून घे, असे मी त्याला निःसंकोच सांगते.